दोनशे बारा संदर्भांपैकी वाचलेले

पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत माणूस अडकलाच तर आकड्यांवर अडकेल, नाहीतर निष्कर्षांवर, असं मला वाटायचं. मी अडकले संदर्भांच्या यादीत, आणि तेही अशा एका ओळीवर जी मी निव्वळ मान राखायचा म्हणून घातली होती. त्याला आता काही वर्षं झाली. आठवलं की अजून कान तापतात.

माझं काम मटारावर होतं. जबलपूरला थंडीत मटार किती येतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. डिसेंबरात घरोघरी पोत्यानं मटार सोलत बसतात. या पिकाला मर लागते. झाडं उभ्या उभ्या वाळतात आणि उपटून बघावं तर मुळं सडलेली. ती रोखायला बियाण्याला एक उपयोगी जीवाणू चोळतात. तो पेरणीच्या किती दिवस आधी चोळावा, एवढाच माझा प्रश्न. सहा वर्षं मी कुंड्या आणि वाफे करत त्या प्रश्नामागे लागले होते. उत्तरही मिळालं होतं: वेळेनं फरक पडतो आणि चांगलाच पडतो. प्रबंधात मी लिहिलं, हे प्रथमच दिसून येत आहे. ‘प्रथमच’ हा शब्द मला फार आवडायचा. बाबांना तर माझ्याहून जास्त. ते इथल्या संरक्षण कारखान्यातून रिटायर झालेले. दीक्षितपुऱ्यात आमच्या गल्लीत हे ऐकवल्याशिवाय त्यांनी एकालाही सोडलं नव्हतं.

आता यादीचं सांगते. शास्त्रीय प्रबंधात तुम्ही जे जे म्हणाल त्याला आधी कोणी काय म्हटलंय याचा आधार द्यावा लागतो, आणि शेवटी त्या सगळ्या शोधनिबंधांची यादी जोडावी लागते. पूर्वी लोक हे कार्डांवर लिहून ठेवत. आमच्या वेळेपर्यंत त्यासाठी सॉफ्टवेअर आलं होतं. निबंधाचा पीडीएफ त्यात टाकला की लेखक, वर्ष, पानं सगळं आपोआप भरलं जायचं. लिहिताना बटण दाबलं की कंसात नाव हजर, शेवटी यादी हजर. मला माझ्या सीनियर दीदीनं जाताना पेनड्राइव्हवर तिची सगळी लायब्ररी दिली होती. तिला ती तिच्या सीनियरकडून मिळाली होती. मी त्यात भर घातली. नव्या निबंधांच्या सूचना दर सोमवारी ईमेलवर यायच्या. मी इमानेइतबारे सगळे उतरवून ‘वाचायचे आहे’ नावाच्या फोल्डरात टाकायची. टाकलं की वाचल्यासारखं वाटायचं. हे वाटणं फार वाईट, आणि त्याची सवय लगेच लागते.

त्या लायब्ररीत काही निबंधांसमोर लाल पट्टी होती. दीदीला रंग लावायची हौस होतीच. पिवळा म्हणजे प्रयोगाची पद्धत, हिरवा म्हणजे मटार, हे तिनं मला सांगितलं होतं. लालचं सांगायचं राहिलं असावं. लाल म्हणजे अतिमहत्त्वाचं, असं मी माझ्या मनानंच ठरवून टाकलं. एक फोन करून विचारावं, एवढंही मला सुचलं नाही.

प्रबंध जमा करायच्या आधी गाइड सरांनी बोलावलं. बाहेरून येणारा परीक्षक कोण हे गुप्त असतं, म्हणजे फक्त डिपार्टमेंटच्या चहावाल्यापर्यंतच माहीत असतं. ‘‘देखो, नागपुर तरफ के सर आ रहे हैं,’’ सर म्हणाले. ‘‘उनके दो-तीन पेपर डाल दो. अच्छा लगेगा उनको.’’

मला यात काहीच वावगं वाटलं नाही. आमच्याकडे लग्नपत्रिकेत मामाचं नाव राहिलं तर दहा वर्षं ऐकावं लागतं. हेही तसंच, असं मी धरून चालले. लायब्ररीत शोधलं तर त्या सरांचे तीन निबंध निघाले आणि त्यातल्या एकासमोर चक्क लाल पट्टी! मी खूश झाले. तोच सगळ्यात ठळक जागी घातला, पहिल्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर.

तोंडी परीक्षा नोव्हेंबरात होती. ती खुली असते, कोणीही येऊन बसू शकतं, त्यामुळे बाबाही इस्त्रीचा सदरा घालून आले. परीक्षकांचा सत्कार आणि सगळ्यांचं खाणंपिणं विद्यार्थ्यानं करायचं, हा आमच्याकडचा अलिखित नियम. शाल आणि नारळ मी आदल्या दिवशीच बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून आणले होते. खव्याची जिलबी बाबांनी सकाळी स्वतः उभं राहून ताजी घेतली. परीक्षक कारनं येत होते. नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडल्यावर त्यांचा फोन आला, तशी गाइड सरांनी मला फाटकावर उभं केलं. उतरले ते सत्तरीच्या घरातले, किडकिडीत, हातानं विणलेला स्वेटर घातलेले गृहस्थ. माझं आडनाव ऐकून मराठीत म्हणाले, ‘‘मूळचे कुठले?’’ म्हटलं, ‘‘अमरावतीकडचे, पण आजोबांपासून इथंच.’’ ते हसले. मला वाटलं, झालं काम.

अर्धा तास मी माझं काम पडद्यावर दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी प्रबंध हातात घेतला आणि मागच्या बाजूनं उघडला. इथून पुढचं सगळं इंग्रजीत चाललं होतं. बाबांना मशीनची इंग्रजी पाठ, ही नाही. मागच्या रांगेत जिलबीचा डबा मांडीवर घेऊन ते कौतुकानं बघत होते.

‘‘तुम्ही माझे तीन निबंध घेतलेत,’’ परीक्षक म्हणाले. ‘‘आभारी आहे. हा जो पहिल्याच पानावर आहे, त्यात मी काय म्हटलंय?’’

त्याचा सारांश मी वाचलेला होता. पाठच होता म्हणा ना. धडाधड सांगून टाकला.

‘‘अगदी बरोबर. असंच म्हटलं होतं,’’ ते म्हणाले. ‘‘नंतर मी तो मागे घेतला.’’

मला आधी कळलंच नाही. मी गाइड सरांकडे बघितलं, तर ते टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत होते.

परीक्षक शांतपणे सांगत होते. त्यांच्या एका विद्यार्थ्यानं नमुन्यांची अदलाबदल केली होती आणि यांनी न तपासता सही केली होती. कळलं तेव्हा त्यांनी स्वतःहून मासिकाला लिहिलं, की आमचा निबंध चुकीचा आहे, तो रद्द समजावा. मग ओळखीच्या प्रत्येकाला पत्रं लिहिली. सोबतच्या लेखकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. मिळणारं एक मोठं पद हुकलं. ‘‘आयुष्यात एकच अवघड काम केलं, ते हे,’’ ते म्हणाले. ‘‘आणि जिथं परीक्षेला जातो तिथं तोच निबंध माझ्यासमोर हारासारखा आणून ठेवतात. माझा मान म्हणून.’’

एकदम लख्ख कळलं की ती लाल पट्टी दीदीनं लावलेलीच नव्हती. मागे घेतलेल्या निबंधावर सॉफ्टवेअर ती आपण होऊन लावतं. इतकी वर्षं ते मला सांगत होतं, आणि मी बावळटासारखी त्याला शाबासकी समजत होते.

‘‘सर, बच्ची है, गलती हो गई,’’ गाइड सर हळूच हिंदीत मध्ये पडले. मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते.

परीक्षकांनी खिशातलं पेन काढलं आणि यादी माझ्यापुढे सरकवली. ‘‘दोनशे बारा आहेत. जे पूर्ण वाचलेत त्यांच्यासमोर खूण करा. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेत, ते. मी बसतो.’’

सगळ्यांवर खूण करता आली असती. नाही केली, पण त्यात प्रामाणिकपणा वगैरे काही नव्हता. यातल्या कुठल्याही एकावर ते बोट ठेवतील आणि विचारतील, ही भीती होती. मी एकेक नाव बघत गेले. हे वाचलंय? नाही, चित्रं बघितलीत. हे? सारांश. हे? हे कुठलं आहे हेच आठवेना. शेवटच्या पानाला पोचले तेव्हा खुणा झाल्या होत्या अडतीस.

त्यांनी रागवायला हवं होतं. रागावले नाहीत. निकाल राखून ठेवला, तीन महिने दिले आणि सांगितलं की उरलेले एकशे चौऱ्याहत्तर वाचा, जे कामाचे नाहीत ते काढा, फेब्रुवारीत मी परत येतो, तेव्हा सही करायची की नाही ते बघू. शाल घेतली नाही. बाबांनी डबा पुढे केला तेव्हा मात्र एक जिलबी घेतली आणि ‘‘छान आहे’’ म्हणाले.

घरी येताना बाबांनी विचारलं, ‘‘टिकमार्क करून राहिली होती तू शेवटी, तो पेपर होता काय? किती आले बरोबर?’’

‘‘अडतीस.’’

‘‘अच्छा! अन् परत काहून बोलावलं?’’

‘‘थोडं राहिलंय,’’ मी म्हटलं. सहा वर्षांची पदवी लटकली आहे, हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

मग वाचायला बसले. रोज दोन, कधी तीन. गच्चीवर ऊन असायचं तिथं चटई टाकून मी वाचायची आणि बाजूला बाबा मटार सोलायचे. सुरुवातीचे दिवस तर मी सारखी थक्कच होत होते. ज्या निबंधाच्या आधारानं मी एक गोष्ट ठासून लिहिली होती, त्यात नेमकं उलट म्हटलेलं निघालं. एक मटारावरचा म्हणून घातलेला, तो निघाला दुसऱ्याच एका शेंगेवरचा. एक तर पोर्तुगीज भाषेत होता! मला पोर्तुगीजचा प सुद्धा येत नाही, आणि मी त्याचा हवाला देऊन मोकळी झाले होते. दीदीच्या आधीच्या कोणीतरी तो आणला, दीदीनं तो घेतला, मी दीदीकडून घेतला. आमच्यापैकी एकीनंही तो उघडला नव्हता. मला हसू आलं, मग भीती वाटली.

जानेवारीतल्या एका दुपारी मी एक पातळसा निबंध उघडला. पेनड्राइव्हवरून आलेला. नाव अगदी कंटाळवाणं होतं. प्रबंधाच्या सुरुवातीला ‘मटारावर जगभर काम झालं आहे’ या वाक्याच्या शेवटी मी जे पाच हवाले एकाच कंसात कोंबले होते, त्यातला हा चौथा. मधल्या पानावर एक छोटं कोष्टक होतं. त्या लेखकांनी तोच जीवाणू बियाण्याला चोळला होता, पेरणीच्या आधी वेगवेगळे दिवस ठेवून. आणि वेळेनं फरक पडतो असं त्यांना दिसलं होतं.

मी ते पान परत वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. प्रश्न माझा होता, उत्तर माझं होतं, आणि छापल्याची तारीख मी पहिली कुंडी भरली त्याच्या कितीतरी आधीची. हा निबंध मी ज्या दिवशी पीएच.डी.ला नाव नोंदवलं त्या दिवसापासून माझ्याजवळ होता. नुसता जवळ नव्हता, मी त्याचा माझ्या प्रबंधात हवाला दिला होता. सहा वर्षं जे शोधत होते ते माझ्याच यादीत बसलेलं होतं.

‘‘काय झालं?’’ बाबांनी विचारलं.

‘‘काही नाही. ऊन लागलं,’’ म्हणून मी खाली गेले.

दुसऱ्या दिवशी गाइड सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून कोष्टक बघितलं, दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, ‘‘और किसी ने देखा?’’

‘‘नाही सर.’’

‘‘तो हटा दो लिस्ट से. दो सौ ग्यारह रहेंगे. किसको पता चलेगा?’’

मला त्यांचा राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. लॅबमध्ये जाऊन मी कॉम्प्युटर उघडला, त्या नावावर क्लिक केलं आणि काढून टाकलं. यादीनं स्वतःला आवरून घेतलं. कंसात पाचाचे चार झाले, कुठं भोकसुद्धा दिसेना. दोन सेकंदांत एक माणूस, त्याची प्रयोगशाळा आणि त्याची कोण जाणे किती वर्षं नाहीशी झाली. ते इतकं सोपं होतं, त्याचाच मला धक्का बसला. नोव्हेंबरात खोट्या खुणा करायचं धाडस नव्हतं म्हणून मी खोटं बोलले नव्हते. आता धाडसाची गरजच नव्हती, बोट हलवलं की झालं. स्वतःची इतकी किळस मला त्याआधी कधी आली नव्हती. ते नाव परत घातलं आणि सकाळी परीक्षकांना फोन लावला.

त्यांनी मध्ये एकदाही न तोडता ऐकून घेतलं.

‘‘हा तुमच्या यादीत होता?’’ त्यांनी विचारलं.

‘‘हो सर.’’

‘‘म्हणजे माझ्याही हातात होता.’’ ते म्हणाले. ‘‘मी नाही वाचला हा. तुमची यादी मी माझं नाव शोधायला उघडली होती. तो मागे घेतलेला निबंध कोणी घातलाय का, तेवढंच बघतो मी आता. बाकीचं बघायचं माझंही सुटलं. तुम्ही बोलल्या नसत्या तर फेब्रुवारीत येऊन सही करून गेलो असतो.’’

दोन महिने माझी अशी समजूत होती की या जगात निदान एका माणसानं सगळं वाचलेलं आहे आणि मी त्याला घाबरून वाचते आहे.

‘‘पाठवा,’’ ते म्हणाले. ‘‘आत्ता वाचतो.’’

संध्याकाळी त्यांचाच फोन आला. ‘‘त्यांची माती वेगळी, बियाणं वेगळं. तुमचं काम खोटं नाही, पण पहिलंही नाही. जे झालंय ते तसं लिहा. या लोकांचं नाव पहिल्या पानावर घ्या, माझं काढा. मग येतो मी.’’

प्रबंधात ‘प्रथमच’ शोधलं तर एकोणीस ठिकाणी निघालं. एकेक करून काढलं. काढताना प्रत्येक वाक्य थोडं बुटकं व्हायचं, पण उभं राहायचं. फेब्रुवारीत ते आले, दोन तास बसले आणि सही करून गेले. या खेपेला शाल मी नेलीच नव्हती. यादीत एकशे एकोणीस नावं उरली होती. सगळी वाचलेली.

पदवीची सूचना आली त्याच आठवड्यात इथल्या मराठी मंडळानं माझा सत्कार ठरवला. बाबा दुपारी जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसले होते. माझी ओळख करून द्यायला चार ओळी त्यांनीच लिहायच्या होत्या. त्यांनी मला वाचून दाखवलं, ‘‘आमच्या मुलीने जगात प्रथमच...’’

‘‘बाबा, ते नका लिहू,’’ मी म्हटलं.

‘‘काहून?’’

‘‘प्रथमच नाही ते. आधी दुसऱ्यांनी केलेलं आहे. बाहेरच्या देशात. मी सुरू करायच्या आधीच.’’

त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘‘तुले कधी समजलं?’’

‘‘जानेवारीत. गच्चीवर. ऊन लागलं म्हटलं होतं ना, त्या दिवशी.’’

‘‘पण ते इतक्या दूरचं. तुले कसं मालूम पडणार होतं?’’ त्यांनीच मला वाट काढून दिली.

ती घेता आली असती. ‘‘ते माझ्याजवळ होतं, बाबा,’’ मी म्हटलं. ‘‘पहिल्या दिवसापासून. मी वाचलंच नव्हतं. त्या दिवशी मी टिकमार्क करत होते, ते बरोबर आलेले नव्हते. वाचलेले होते. दोनशे बारापैकी अडतीस.’’

घरात माझ्या पुस्तकांना हात लावायचा नाही, मी वाचत असले की टीव्ही लावायचा नाही, पाहुण्यांना दारातच सांगायचं की ती वाचून राहिली आहे, हे सगळं सहा वर्षं त्यांनी पाळलं होतं.

‘‘मंग सहा साल,’’ ते म्हणाले, ‘‘तू वाचून काय राहिली होती?’’

आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच समजत नव्हतं. कुंड्या, वाफे, सोमवारच्या ईमेली, फोल्डर, सगळं माझ्या जिभेवर आलं आणि त्यातलं काहीच उत्तर नव्हतं. बाबांनी पेन उचललं आणि ‘जगात प्रथमच’ खोडलं.